मराठी सिनेमाचा सगळ्यात मोठा काळ कुठला? माझं मत प्रभात. पटत नसेल तर मुद्दे घेऊन या

भाट्येकर (धागाकर्ता)

आमच्या गावच्या ग्रुपवर काल एकाने लिहिलं की मराठी सिनेमा खरा सुरू झाला तो 'श्वास'पासून, म्हणजे २००४ ला, त्याआधीचं सगळं नाटकी नाहीतर तमाशा नाहीतर पांचट. भराभर अंगठे पण आले त्यावर. मला हे अजिबात मान्य नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझ्या मते सगळ्यात मोठा काळ १९३२ ते १९४४, प्रभातचा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि भांडवल घालणारे कुलकर्णी. यातले दामले-फत्तेलाल बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे पडदा रंगवण्यापासून सगळं स्वतःच्या हाताने करायची सवय असलेली माणसं. १९३२ ला 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट. ३३ ला बिऱ्हाड पुण्याला. आणि मग बघा, ३५ ला 'धर्मात्मा', ३६ ला 'संत तुकाराम', ३७ ला 'कुंकू', ३९ ला 'माणूस', ४१ ला 'शेजारी', ४४ ला 'रामशास्त्री'. एकाच कंपनीतून, महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या माणसांकडून, दहा वर्षांत!

नाटकी म्हणणाऱ्यांनी 'कुंकू' नीट बघावा. मामाने फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावलेली नीरा, आणि ती रडत बसत नाही, ती त्या माणसाला नवरा मानायलाच नकार देते, त्याच्याच घरात राहून, त्याच्या डोळ्यात डोळे घालून. १९३७ साली! तेव्हा घराघरात बिजवराला पोरी देत होते, तेच लोक तिकीट काढून हे बघायला बसले होते. आणि म्हातारा खलनायक केलेला नाही हे विशेष. आपण काय केलंय हे त्याला हळूहळू कळत जातं, केशवराव दात्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, घरातलेच आवाज. आजही कुणी इतकं कमी वापरून इतकं सांगत नाही.

माझा खरा मुद्दा हा आहे की तेव्हा चांगला सिनेमा वेगळा आणि चालणारा सिनेमा वेगळा असं नव्हतं. 'तुकाराम' मुंबईत एकाच थेटरात वर्षाच्या वर चालला आणि तोच १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. नंतर ही फाळणी झाली आणि अजून मिटलेली नाही. एका बाजूला बक्षिसं, एका बाजूला गर्दी.

बोला.

लालबागचा चाकरमानी

दादा, मुद्दा गर्दीचा असेल तर मग दादा कोंडके का नाही? तुम्ही त्यांचं नावसुद्धा घेतलं नाहीत, वर त्या ग्रुपवाल्याने पांचट म्हटलं तेही तुम्ही तसंच जाऊ दिलंत.

माझे वडील राजापूरकडचे, गिरणीत होते, लालबागला गाळ्यात पंधरा-वीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. त्या माणसांसाठी सिनेमा कोण काढत होतं सांगा. १९७१ ला 'सोंगाड्या', मग 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', ७५ ला 'पांडू हवालदार', ओळीने सगळे पंचवीस आठवड्यांच्या वर. नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला म्हणून गिनीज बुकात नाव गेलं. 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर थेटर मिळत नव्हतं तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. म्हणजे मुंबईत मराठी माणसाला स्वतःच्या भाषेतला सिनेमा बघायला भांडावं लागत होतं. दादा स्वतः नायगावचे, गिरणी कामगाराच्या घरातले. भोळा दिसणारा माणूस शहाण्यांची जिरवतो ही गोष्ट गिरणीतल्या माणसाला का आवडली हे कळायला समीक्षक लागत नाही.

गावाला येताना ही माणसं त्यातली गाणी आणि डायलॉग घेऊन यायची. गावात सिनेमा नंतर यायचा, त्याआधी तो चाकरमान्याच्या तोंडून यायचा. लोकांचा काळ म्हणजे हा. ८२ चा संप झाला आणि तो प्रेक्षकच उद्ध्वस्त झाला, पण म्हणून त्याची आवड कमी दर्जाची ठरत नाही.

भाट्येकर

दादांना पांचट मी म्हणणार नाही, त्यांचं टायमिंग फार वरचं होतं आणि वसंत सबनिसांच्या लोकनाट्यातून तयार झालेला कलाकार होता तो. पण त्यांनी प्रेक्षकाला जे हवं ते उत्तम दिलं. प्रभातने जे नको होतं ते दिलं आणि तरी गर्दी खेचली. फरक तिथे आहे.

कुडाळकर

भाट्येकरानू, तुमचा सगळा खरा असात, पण माका सांगा, ह्या प्रभातचो पिक्चर तळकोकणात इलो कधी आणि बघल्यान कोणी? आमच्याकडे जत्रेक धयकालो, रातभर दशावतार, राजा, संकासुर, सगळा थयच. तंबू टॉकीज इली ती खूप मागसून, ती पण पाऊस संपल्यार, पावसात तंबू उभो रवात कसो? माझ्या आज्याक सिनेमा कळलो तो मुंबैक गेल्यार.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. कोल्हापूर, पुणे, मुंबई या पट्ट्यात जे घडलं त्याला आपण मराठी सिनेमा म्हणतो. त्यात घाटावरचा पाटील आहे, तमाशाचा फड आहे, वाडा आहे, संत आहेत. समुद्र कुठे आहे? खाडी कुठे आहे? कोकणी माणूस पडद्यावर आला तो तिरकस बोलणारा म्हातारा नाहीतर घरगडी म्हणून, हेल काढून हसवायला. आमच्या बोलीला मान दिला तो रंगभूमीने, 'वस्त्रहरण' १९८० ला आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी लंडनपर्यंत नेली. सिनेमाला ते जमायला अजून बरीच वर्षं लागली. ज्या काळात अख्खी किनारपट्टीच पडद्यावर नाही तो काळ सगळ्यात मोठा कसा म्हणू मी?

दापोलीकर ताई

समुद्र नसेल पण आमचं पालगड आहे ना! 'श्यामची आई' विसरलात सगळे. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं, आणि १९५३ ला आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा केला, देशातलं पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्यालाच. वनमालाबाईंची आई आठवून आजही घशात आवंढा येतो. २०२३ ला परत केला तोही मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट. एवढं एकच सांगायचं होतं.

मुरुडची मास्तरीण

कुडाळकरांचा प्रश्न बरोबर आहे पण उत्तर त्यांना वाटतं तितकं उशिरा मिळालेलं नाही. 'जैत रे जैत', १९७७. त्यातली ठाकर आदिवासी माणसं कर्नाळ्याच्या बाजूची, आमच्या रायगड जिल्ह्यातली, तो लिंगोबाचा सुळका म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरून सगळ्यांनी एसटीच्या खिडकीतून बघितलेला सुळका. गोनीदांची कादंबरी, हृदयनाथांचं संगीत. कोकण म्हणजे फक्त नारळ आणि होडी का? डोंगरातली माणसं कोकणातली नाहीत का? माझ्या वर्गात ठाकरांची मुलं आहेत, आणि त्यांच्या आजोबांचं जगणं, ढोल, मधाची पोळी, नाग्याचा त्या राणीमाशीवरचा राग, नवरा सोडून आलेली चिंधी, हे सगळं एवढ्या ताकदीने दाखवणारा दुसरा सिनेमा मला अजून दाखवा. स्मिता पाटील त्यात शहरातून आलेली वाटतच नाही.

म्हणून माझं मत सत्तरचं दशक आणि ऐंशीची सुरुवात. जब्बार पटेल. 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा', ७५ ते ८२ या सात-आठ वर्षांत चार सिनेमे, चारही वेगळे. एकात साखर कारखान्याचा मालक आणि त्याच्या दारात येऊन पडलेला दारुडा मास्तर, एकात आदिवासी, एकात मंत्रालय, एकात घर सोडून नोकरीला गेलेली बाई. आणि भाट्येकर, तुमची नीरा शूर आहे मान्य, पण तिला सोडवायला शेवटी म्हाताऱ्यालाच मरावं लागतं. 'उंबरठा'तली सुलभा कुणाच्या मरणाची वाट बघत नाही, ती स्वतः दार उघडून निघून जाते. पंचेचाळीस वर्षांत बाईचा प्रश्न एवढा पुढे गेला, आणि तो पुढे नेणारा काळ मोठा.

शिवाय निळू फुले आणि श्रीराम लागू एकमेकांसमोर उभे असलेला कुठलाही काळ मला दुसऱ्या नंबरावर ठेवता येणार नाही.

भाट्येकर

मास्तरीणबाई, नीराचा मुद्दा चांगला आहे. पण १९३७ ला इथल्या हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट नव्हता, तो मुंबई प्रांतात १९४७ ला आणि देशभर १९५५ ला आला. नीरा दार उघडून जाणार कुठे? त्या काळात सुटका म्हणजे नवरा मेला तरच, आणि मेल्यावर पुन्हा विधवा म्हणून नवीन तुरुंग. म्हातारा मरताना तिला तो तुरुंग लागू नये म्हणून जे म्हणतो ते ऐका परत. कायद्याने जी वाट नव्हती ती सिनेमाने दाखवली.

'जैत रे जैत'बद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही.

गुहागर नाका

सगळे जुनं जुनं करताय, मी सरळ सांगतो, २००४ ते २०१६. ग्रुपवरच्या त्या माणसाचं "त्याआधी सगळं नाटकी" हे चूक, पण 'श्वास'पासून काहीतरी मोठं सुरू झालं हे शंभर टक्के खरं. १९५३ नंतर थेट पन्नास वर्षं राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट मराठीला मिळाला नव्हता. तो 'श्वास'ला मिळाला आणि मग 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'. आजवरच्या पाच सुवर्णकमळांतली चार या बारा-तेरा वर्षांतली आहेत!

आणि कुडाळकर, यातला आपला भाग किती आहे बघा. 'श्वास'मधले आजोबा कोकणातले, नातवाच्या डोळ्याचा कॅन्सर घेऊन पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात उभे राहिलेले. हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे, जरा मोठा आजार झाला की रात्रीची गाडी पकडून मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूर, तिथे कुणी धड बोलत नाही, कागदावर सही मागतात, आणि घरी फोन करून काय सांगायचं ते सुचत नाही. अरुण नलावडेंनी तो आजोबा कुठेही गळा न काढता केला. 'कासव' आपल्याच किनाऱ्यावरचा, मादी येते, वाळूत अंडी घालते आणि समुद्रात परत जाते, पिल्लांनी आपलं आपण पाण्यापर्यंत जायचं, आणि या सगळ्याशेजारी जगायची इच्छा संपलेला एक मुलगा. वेळासला कासव महोत्सवाला लोक येतात, फोटो काढतात, पण त्या कासवातून माणसाबद्दल काही म्हणता येतं हे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांना दिसलं.

आणि 'किल्ला'. आमच्या गुहागरात शूटिंग झालं म्हणून म्हणत नाही. बापाविना पोर, बदलीवर आलेली आई, नवी शाळा, आणि तो किल्ला. मित्र पुढे निघून जातात, पाऊस कोसळतो, आणि हा एकटाच आत राहतो. त्यात तो पाऊस कोकणी पाऊस आहे, शोभेचा नाही. दगडावरून पाणी कसं वाहतं, शेवाळ कसं दिसतं, ढग आल्यावर दुपारी घरात अंधार कसा होतो, हे आयुष्यभर बघितलेलं पहिल्यांदा पडद्यावर दिसलं. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लहान मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. जर्मनीतल्या पोरांना जर आमच्या पावसातल्या पोराचं दुःख कळलं तर याहून मोठा काळ कोणता?

भाट्येकर

गुहागर नाका, तुमची पोस्ट आवडली, 'किल्ला'बद्दल जे लिहिलंय ते मीही तसंच लिहिलं असतं. पण दोन गोष्टी.

पहिली. 'किल्ला' करणारे अविनाश अरुण शिकले कुठे? 'वळू' आणि 'देऊळ' करणारे उमेश कुलकर्णी शिकले कुठे? एफटीआयआयला, म्हणजे पुण्याच्या सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत. एफटीआयआय १९६० ला उभी राहिली ती कुणाच्या आवारात? प्रभातच्या. कंपनी पन्नासच्या दशकात बंद पडली, पण तीच जागा, तेच स्टुडिओ. तुमचा काळ त्या जोत्यावर उभा आहे.

दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची. 'कोर्ट' आपल्या जिल्ह्यात किती जणांनी थेटरात बघितला? थेटरंच किती उरलीयत? मराठी सिनेमाला शो मिळतो तो दुपारी बाराचा, तोही पहिल्या आठवड्यात, आणि शुक्रवारी हिंदी मोठा आला की उतरवतात. तुमची चार सुवर्णकमळं खरी आहेत, पण त्यातले बरेचसे लोकांनी नंतर टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर बघितले. मी म्हटलं ना फाळणी, ती हीच.

आचरा किनारा

काका 'सैराट' विसरलात? २०१६, शंभर कोटींच्या वर गेलेला पहिला मराठी सिनेमा, आणि विषय काय तर जातीमुळे झालेला खून. गर्दीही आणि प्रश्नही. तुमची फाळणी तिथेच मोडली.

आणि माझं मत विचाराल तर आत्ताचा काळ. आम्ही तिघं मित्र मोबाइलवर शॉर्टफिल्म करतो, एडिटिंग पण घरीच, पहिल्या फिल्मला खर्च झाला तो जेवणाचा आणि पेट्रोलचा. तुमच्या वेळी गावातल्या पोराला कॅमेऱ्याला हात तरी लावता आला असता का? २०२५ मध्येच बघा, 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांच्या गटातलं ज्युरीचं सर्वात मोठं बक्षीस मिळालं, गावातल्या दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आणि ती पण मराठीत. आणि त्याच वर्षी 'दशावतार', दिलीप प्रभावळकर या वयात चेहरा रंगवून उभे राहिले आणि माझी आजी, जिने कितीतरी वर्षांत थेटराचं तोंड बघितलं नव्हतं, ती आमच्याबरोबर आली, कारण तिला तो धयकालो बघायचा होता. एकाच वर्षात दोन टोकं! हा काळ कुणाच्या मागे नाही.

भाट्येकर

'सैराट' मान्य, मोठा सिनेमा. पण तो एक. दर दोन वर्षांनी एक 'सैराट' असा दहा वर्षं रतीब घालून दाखवा मग प्रभातशी तुलना करू.

मोबाइलबद्दल मात्र माझं वेगळं म्हणणं आहे आणि तुम्ही करणारे आहात म्हणून मनापासून सांगतो. तेव्हा हजार फुटांचं रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं, कच्ची फिल्म परदेशातून यायची, चुकलं की पैसे गेले. म्हणून आधी विचार व्हायचा, तालमी व्हायच्या, कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवून मगच बटण दाबायचे. 'तुकाराम'मध्ये एक फ्रेम फुकट घेतलेली दाखवा. तुकोबा विमानातून वैकुंठाला चाललेत आणि जिजाई मागे राहते कारण घरात पोरं आहेत, हे ठरवायला आधी डोकं लागतं, कॅमेरा नंतर. तुम्हीही तुमची पुढची फिल्म अकरा मिनिटांचंच फुटेज आहे असं समजून काढून बघा.

आणि जे हातात आहे ते जपा. देशात मूकपट हजाराच्या वर झाले, आज मूठभरसुद्धा धड शिल्लक नाहीत. २००३ च्या जानेवारीत एफटीआयआयमध्ये आग लागून नायट्रेटची जुनी रिळं जळाली त्यात प्रभातच्या मूळ प्रती गेल्या. नंतरच्या प्रती काढून ठेवलेल्या होत्या म्हणून आज आपण भांडतोय तरी. तुमची फिल्म कुठल्या हार्ड डिस्कवर आहे आणि दुसरी प्रत कुठे आहे ते आजच बघून घ्या.

आचरा किनारा

एकाच लॅपटॉपवर आहे. आज रात्री दुसरी प्रत काढतो. पण मत बदललेलं नाही माझं.

लालबागचा चाकरमानी

ऐंशीच्या दशकाबद्दल कुणीच बोललं नाही याचं मला वाईट वाटतंय. महेश कोठारेंचा 'धुमधडाका' ८५, सचिनचा 'अशी ही बनवाबनवी' ८८, अशोक सराफ आणि लक्ष्या. गणपतीत वाडीत एक व्हीसीआर भाड्याने यायचा, अंगणात टीव्ही मांडायचा, पावसाची सर आली की प्लास्टिक धरायचं आणि 'बनवाबनवी' परत सुरू. आजही कोकणातल्या कुठल्याही घरात एक वाक्य सुरू करा, पुढचं दुसरा पूर्ण करतो. एवढा पाठ झालेला काळ मोठा नाही म्हणता?

कुडाळकर

चाकरमान्याशी सहमत, ता पाठांतर माझा पण असा.

पण भाट्येकर, मला तुमच्या पहिल्या मुद्द्यावर परत यायचंय, प्रभातने लोकांना नको ते दाखवलं हा. 'धर्मात्मा'चं उदाहरण तुम्ही नुसतं यादीत दिलंत. बालगंधर्व एकनाथ झाले होते, विषय अस्पृश्यतेचा, मूळ नाव 'महात्मा' होतं ते सेन्सॉरमुळे बदलावं लागलं, हे सगळं १९३५ चं, त्याबद्दल आदर आहे. पण गोष्ट कुणाची? एकनाथांची. शिवू नये असं मानलेल्या माणसाच्या घरी संत जेवायला गेला म्हणून तो संत मोठा. ज्याच्या घरी गेला त्याच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं? त्याला राग येत होता का? ते नाही. ते दाखवायला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' यावा लागला, २०१४ ला थेटरात आला. त्यातल्या जातीवरून हिणवलेल्या पोराने, जब्याने, शेवटी भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे तुमच्या माझ्यावर. प्रभातच्या सगळ्या सिनेमांत असा एक दगड दाखवा, मग मी तुमच्या बाजूने येतो.

मुरुडची मास्तरीण

हा आतापर्यंतचा सगळ्यात जड मुद्दा आहे. भाट्येकर, उत्तर द्या, टाळू नका.

भाट्येकर

टाळत नाही. दगड प्रभातमध्ये नाही. कॅमेऱ्यामागे तेव्हा जब्याच्या घरातला कुणी नव्हता, मग दगड येणार कुठून. पण आतल्या माणसाचा राग प्रभातला दिसत नव्हता हे मी मानणार नाही. जिजाई बघा. अख्खा महाराष्ट्र ज्या तुकोबाच्या पाया पडतो त्याची बायको त्याच सिनेमात चप्पल घेऊन विठोबाच्या देवळात जाते, कारण पोर आजारी आहे आणि घरात खायला नाही. १९३६ साली, भाविकांनी भरलेल्या थेटरात. लोकांनी दगडफेक केली नाही, उलट तिच्याबरोबर रडले. संताची गोष्ट संताच्या उपाशी बायकोच्या बाजूने पण सांगायची हे दामले-फत्तेलालांनी ठरवलं होतं.

कुडाळकर

जिजाई मान्य. पण तिची चप्पल देवावर होती, जब्याचा दगड माझ्यावर आहे. देवावर उगारलेली बघून लोक रडतात, स्वतःवर आलेला दगड बघून गप्प घरी जातात. 'फँड्री' संपल्यावर मी बाहेर येऊन कुणाशी बोललो नव्हतो. माझं मत २०१४.

भाट्येकर

आणि माझं १९३६. ताई, मास्तरीणबाई, गुहागर नाका, मे महिन्यात सगळे कोकणात असाल तर रत्नागिरीत या, 'तुकाराम' आणि 'फँड्री' एकाच संध्याकाळी लावू, आधी जुना मग नवा, मध्ये चहा. पडदा आणि प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. कुडाळकर, तुम्ही तर याच, वाद तिथे पुरा करू.

कुडाळकर

येतंय. पण आधी 'फँड्री', मागसून 'तुकाराम'. हेच्यावर पण वाद घालूचो असा माका.